वर टाकलेले चार दोडके

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही, तरी बसलोय. मेसमधली दुपारची पंगत उठली, रात्रीच्या स्वयंपाकाला अजून अवकाश आहे, आणि मी कोठीत तेलाच्या डब्यावर बसून हे खरडतोय. मस्कतच्या बाहेर, वाळवंटातच म्हणा, एका कंपनीच्या कामगारांची ही मेस. भाजी इथं पिशवीत येते, चिरलेली, गोठलेली, खडीसारखी कडक. कात्रीनं पिशवी कापायची आणि कढईत ओतायची. कुठल्या रानातली, कुणी तोडली, काही कळायचा मार्ग नाही. तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी चूल विझवून घरचा रस्ता धरला असता. मीही धरेन एखाद्या दिवशी. वापी सोडली, गोवा सोडला, पुणं सोडलं, एका जागी माझा पाय ठरत नाही. पण आज लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. मागच्या महिन्यात धाकटीचा साखरपुडा झाला आणि स्वयंपाक मी केला. त्या दिवशी जे झालं ते आईला सांगून उपयोग नाही, तिनं ते डोळ्यांनी बघितलंय. धाकटीला सांगून उपयोग नाही, तिनंच ते निभावलंय. राहिलात तुम्ही.

तुम्ही गेल्यावर गावात आपल्या घराला काय म्हणायचे ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही होता तेव्हापासूनच म्हणायचे. उष्ट्या आचाऱ्याचं घर. देवीच्या भंडाऱ्याचा स्वयंपाक तुमच्याकडे होता, उन्हाळ्याचे दिवस, दोडक्याची डाळ घालून भाजी करायची होती, आणि तुम्ही नेहमीसारखे मांडवात बसून एकेका दोडक्याची देठाकडची चकती कापून चावत होता आणि थुंकत होता. उन्हात पाणी कमी पडलं की वेल कडू फळ धरतो, आणि एक कडू दोडका सगळी कढई नासवतो, माणसांना ओकाऱ्या लागतात, हे तुम्ही मला बाजाराच्या वाटेवर किती वेळा सांगितलंय. पण त्या वर्षी पंचांत एक नवा माणूस होता. नैवेद्य व्हायच्या आधी आचारी खातोय म्हणून त्यानं ओरड केली. देवाच्या आधी खाल्लं म्हणजे उष्टं. भाजी म्हशींपुढं ओतली. त्यानंतर देवाचं काम तर गेलंच, लग्नांची बोलावणीही थांबली आणि तुम्ही कबनूरला यंत्रमागावाल्यांच्या खानावळीत पोळ्या लाटायला गेला. तिथंच तुमचं आयुष्य संपलं.

म्हणून धाकटीचं लग्न काढलं तेव्हा तात्यांनी, तुमच्या भावानं, मुद्दाम लांबचं स्थळ बघितलं. नेसरीकडचं. मी सुट्टीवर आलो त्या दिवशी त्यांनी मला गोठ्यात नेऊन सांगितलं, "तिकडं आपल्या घराचं नाव कुणाला ठावं न्हाय. पोराला आई न्हाय, आत्तीनं वाढवलंय. आक्का म्हणत्यात सगळी तिला. सोवळ्याओवळ्याची लई कडक बाई. तिनं व्हय म्हटलं तर व्हय, न्हाय म्हटलं तर उठून जातील. तवा जेवणाला केटरर सांगितलाय मी." मी म्हटलं, जेवण मी करणार. "तू? तिकडं अरबांना रांधून घालतोस तेवढं बास की!" मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला पाकिटातली पेस्ट घातलेली भाजी नको. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. शेवटी आईच म्हणाली, करू दे त्याला. मग मला एकट्याला मागच्या दारी बोलावून म्हणाली, "कर. पण तुझ्या बाचं काय काढू नको. नैवेद्य झाल्याबिगर तोंडात काय टाकायचं न्हाय. शपथ घे माझी." मी शपथ घेतली नाही, पण मान हलवली. तिनं तेवढ्यावर भागवलं.

आदल्या दिवशी मुरगूडचा बाजार होता. आबा, तुमच्यामागं पिशव्या धरून फिरायचो तेव्हा मला बाजाराचा कंटाळा यायचा. तुम्ही एक फेरी रिकाम्या हातानं मारायचा, आणि तोवर बेत काय ते लग्नघराला सांगायचा नाही. आता मीही तसाच फिरलो. करवंदं आली होती पानाच्या द्रोणांत, आजऱ्याकडचे ओले काजूगर होते, गवार कोवळी होती, कैऱ्यांचे ढीग लागले होते, काटेरी देठाची वांगी अशी होती की हातात घेतली की करकर वाजत होती. पोतं अंथरून बसलेल्या, घरचा माल घेऊन आलेल्या बायकांकडंच गेलो, दलालांच्या गाड्यांकडं बघितलंच नाही. वांगी घेतली, कैऱ्या घेतल्या, आणि एका म्हाताऱ्या बाईपुढं दोडक्यांचा ढीग बघून बसलो. तुम्ही भाव विचारायच्या आधी विचारायचा तेच विचारलं. मावशी, पाणी कधी दिलं वेलाला? ती हसली. "पावणं, दोडका घेताय का वेल घेताय?" म्हटलं, सांगा की. "दिसाआड देतो बाबा, विहीर हाय आमची." एक दोडका मोडला, देठाची चकती चावली. गोड. ढिगातून आणखी दोन मोडले, तेही गोड. सगळा ढीग घेतला. तेवढ्यात इथल्या सुपरवायझरचा फोन आला, कधी परत येतोस, तिकीट काढलंस का, नाहीतर दुसरा माणूस घेतो. मी उठून उन्हात उभा राहून त्याच्याशी हिंदीत भांडत होतो, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होतो की म्हातारी माझ्या पिशवीत वर आणखी चार दोडके टाकते आहे. सगळा ढीग घेतला म्हणून खुशीनं. टाकले ते मागं झाकून ठेवलेल्या बुट्टीतले. बघितलं, पण डोक्यात शिरलं नाही.

ते शिरलं दुसऱ्या दिवशी सकाळी. परसात शेजारच्या बायका विळ्या मांडून बसल्या होत्या, आईनं त्यांना बजावून ठेवलं होतं की कुणी काही तोंडात टाकायचं नाही. दोडक्यांच्या शिरा काढून सगळे परातीत आले होते, सोललेले, एकासारखा एक. मी चूल पेटवली, तेल ओतलं, आणि परात उचलायला वाकलो तेव्हा एकदम ती मागची बुट्टी डोळ्यांपुढं आली. बुट्टी वेगळी म्हणजे वेल वेगळा. शेजारणीचा असेल, जावेचा असेल, विहिरीपासून लांबचा असेल. त्यातला एकही मी चाखला नव्हता. आणि आता ते कुठले ते ओळखायची सोय नव्हती. मी चुलीतली दोन लाकडं मागं ओढली. एका बाईनं विचारलं, काय झालं गा? म्हटलं, काही नाही, जाळ जास्त झाला.

दोडके बाजूला ठेवून नुसत्या वांग्यांवर भागवावं असंही मनात आलं. आलं तेवढ्यात पाहुण्यांची गाडी दारात. ऊन व्हायच्या आत पोचायचं म्हणून ते वेळेच्या आधीच निघाले होते. पुरुष माणसं पुढं बसली, आणि आक्का सरळ घरातून चालत परसात आल्या. उंच, वाळक्या, पदर कमरेला खोचलेला, जशा काय स्वतःच रांधायला आल्यात. "आचारी कुठं हाय?" मी म्हटलं, मीच. "नवरीचा भाऊच आचारी व्हय? मग आमी जेवणाला नावं कुणाला ठेवायची?" बायका हसल्या. आईही हसली, तोंडावर पदर घेऊन. आक्कांनी परातीत बघितलं. "दोडका! डाळ घालून करणार न्हवं? आमचं पोरगं दोडक्यापायी जीव टाकतंय." आणि स्टूल ओढून चुलीसमोरच बसल्या. आता दोडका बाजूला ठेवायची वाटही बंद झाली.

मी आईकडं बघितलं. तिला माझ्या तोंडावरून कळलं. तिनं हळूच मान हलवली, नाही म्हणून. तात्या पुढच्या दारातून डोकावले, "टाक की लवकर, नैवेद्याला येळ व्हतोय." तेल तापून नुसतं बसलं होतं. मी परात उचलली आणि म्हटलं, जरा धुऊन आणतो. धुतलेलेच होते ते. परात घेऊन न्हाणीत गेलो, दार लोटलं, आणि अंधारात पहिला दोडका घेऊन देठ दातानं तोडला. चोरासारखा उकिडवा बसलो होतो, बाहेर आक्कांचा आवाज येत होता, त्या कुणाला तरी पुरण कसं वाटलं ते विचारत होत्या. दुसरा दोडका तोंडात घातला आणि दार उघडलं. धाकटी. नवी साडी, हातात बांगड्या भरलेल्या. तिनं एक क्षण बघितलं आणि दार लावून आत आली.

"आबांच्यासारखं?" ती म्हणाली. म्हटलं, वरचे चार दोडके वेगळ्या वेलाचे आलेत, चाखलेले नाहीत. ती म्हणाली, "आबांनी लपून केलं न्हवतं. भर मांडवात बसून केलं हुतं. तू हितं अंधारात बसून करणार आणि कुणी बघितलं म्हंजे?" मी म्हटलं, आक्का उठून गेल्या तर तात्या मला उभा कापतील. "तात्यांचं राहू दे, लग्न माझं हाय. दादा, मी त्या घरात जन्मभर भीत ऱ्हायचं काय, कोण कधी आपल्या घराचं नाव काढंल म्हणून? ते उठून जायचे असतील तर आजच जाऊ देत." तिचा आवाज चढला नाही, पण बांगड्या वाजत होत्या. म्हणाली, "चल. मी हाय तिथं."

मी परात घेऊन बाहेर आलो. चुलीपाशी आक्कांच्या समोरच मांडी घातली. सुरी घेतली, एका दोडक्याची चकती कापली, चावली, राखेत थुंकलो. दुसरा. परसातल्या विळ्या थांबल्या. एक बाई म्हणाली, अगं बाई. आई उभी होती ती भिंतीला टेकली.

"ये, काय चाललंय हे?" आक्का. "नैवेद्य व्हायचाय अजून."

म्हटलं, "कच्चंय आक्का. कडू हाय का बघतोय. चुलीवर चढल्यावर एक कण तोंडात घालणार न्हाय."

"आमच्यात असलं चालत न्हाय."

"ठावं हाय मला." आणि तिसरा कापला.

तात्या धावत आले. आवाज ऐकून दोन-तीन पुरुषही मागून आले, त्यात नवरा मुलगा. तात्या माझ्या दंडाला धरून ओढायला लागले. "बापावर गेलास! त्यो गेला आनी ह्यो मागं ठेवला! अजून घराची अब्रू घालवायची ऱ्हायलीय व्हय?" झालं, आबा. जे लपवायला एवढ्या लांबचं स्थळ आणलं, ते तात्यांच्याच तोंडून बाहेर पडलं. आक्का म्हणाल्या, "बापावर म्हंजे? बापानं काय केलंतं?" तेल धूर सोडायला लागलं होतं. मग धाकटी न्हाणीच्या दारातून चालत पुढं आली आणि तिनं सांगितलं. सगळं. भंडारा, पंच, म्हशींपुढं ओतलेली भाजी, गावानं ठेवलेलं नाव. अगदी सरळ सांगितलं, जसं काय शेजारच्या घरातलं. मी कापत होतो, चावत होतो, थुंकत होतो. थांबलो असतो तर पुन्हा हात उचलला नसता.

परात संपत आली आणि कडू काही निघेना. आबा, त्या वेळी मी देवाजवळ काय मागितलं असेल? कडू दोडका मागितला. एक तरी निघू दे, म्हणजे तो आक्कांच्या हातात देतो, म्हणतो घ्या, चाखून बघा. शेवटचे तीन उरले. गोड. दोन. गोड. शेवटचा चावला आणि मुद्दाम जास्त वेळ चघळला, कुठं तरी कडू लागेल म्हणून. नुसता गोड, कोवळा, पाणीदार. त्या म्हातारीचे वर टाकलेले चारही चांगलेच होते.

"काय, निघाला?" आक्कांनी विचारलं.

"न्हाय."

"एकबी न्हाय?"

"एकबी न्हाय."

"मग कशापायी चावलंस एवढं?"

आणि तेव्हा मला मांडवातले तुम्ही आठवला. मी होतो तिथं, चुलीला लाकडं सारत होतो. त्या पंचानंही तुम्हाला हेच विचारलं होतं, दाव कुठं हाय कडू, आणि तुम्ही म्हणाला होता, न्हाय निघाला. लोक हसले होते. मला वर्षानुवर्षं त्याचाच राग होता. वाटायचं, खरा आचारी असता तर एक कडू काढून पंचाच्या तोंडात घातला असता. मला कळतच नव्हतं की बहुतेक दिवशी काहीच निघत नाही. रोज चावायचं, रोज गोड निघायचं, आणि कुणाला दाखवायला हातात काही नाही. तुम्ही ते किती वर्षं केलं कुणास ठाऊक.

मी आक्कांना म्हटलं, "निघाला असता तर?" तोंड दोडक्याच्या चोथ्यानं आंबलं होतं.

आक्कांनी राखेत पडलेल्या चोथ्याकडं बघितलं. नवरा मुलगा मधेच म्हणाला, "आत्ती, जाऊ दे की," तर त्याच्यावर उखडल्या, "तू गप, तुला दोडका मिळाला की झालं." मग त्यांनी वांग्यांच्या पाटीकडं बोट केलं. "ती वांगी चावलीस?" म्हटलं, नाही, वांगी चावावी लागत नाहीत. "मग देवाच्या पानावर वांगं वाढा. दोडका माणसांना." एवढंच. मला बरोबर म्हटलं नाही, चूकही म्हटलं नाही. उठताना धाकटीकडं वळून बघितलं आणि म्हणाल्या, "लई बोलतीस." आणि पदर सोडून पुढं जाऊन बसल्या. गाडी काढा म्हणाल्या नाहीत. आई तिथंच खाली बसली आणि उगाचच सांडलेल्या शिरा गोळा करायला लागली, त्या शिरांची चटणी करायची असते म्हणून.

सुपारी फुटली. लग्न दिवाळीनंतर धरलंय. आक्का अजून फोनवर माझं नाव काढत नाहीत म्हणे, "त्यो आचारी" म्हणतात. तात्या माझ्याशी बोलत नाहीत. गावात आता काय नवं नाव पडलं असेल ते मी विचारलं नाही, आणि दोन दिवसांत इकडं निघून आलो. लग्नाचं जेवण कुणी करायचं ते ठरलेलं नाही. मला बोलावतील का, आणि बोलावलं तर इथली नोकरी सोडून जायचं का, डोक्यात तेच फिरतंय, हातानं दुसरं काही होत नव्हतं, म्हणून हे खरडलं.

हा कागद मी कुठं धाडू? कबनूरच्या त्या खानावळीच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. इथंच राहील कोठीत, नाहीतर चुलीत जाईल. पण एक सांगतो, घरात कुणाला बोललो नाही. चुलीवर चढल्यावर मी शब्द पाळला, नैवेद्य होईपर्यंत एक कण तोंडात घातला नाही, आणि दोडक्याच्या भाजीत मीठ कमी पडलं. चांगलंच कमी. पंगतीत बसून पहिला घास घेतल्यावर कळलं. समोर नवरा मुलगा ताटातलं मीठ बोटानं ओढून गुपचूप कालवत होता. माझी नजर पडल्यावर त्यानं मान हलवली, फक्कड झालीय म्हणून, आणि मीही मान हलवली.